शिडीपासून दहा मीटर

आमच्या गावात कुणी तुम्हाला अहो-जाहो केलं, तर आधी जाऊन आपल्या होडीला भोक पडलंय का ते बघावं. उत्तर टोकाच्या व्हारांगर फियोर्ड या खाडीच्या काठावर पाद्र्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना अरे-तुरेच चालतं आणि जवळच्या माणसाला 'काय रे घोड्या' म्हणतात. आदर फक्त शत्रूला मिळतो. मी तोर्लाइफला गेली तीन वर्षं 'आपण' म्हणत होते.

"आपण जरा सरकता का? मला साखर हवी होती."

"बघा रे," तो कोठीतल्या सगळ्यांना सांगायचा, "शिडीची पोर आली. मी म्हणजे हिला बिशपच वाटतो."

सगळे हसायचे. मी साखर घ्यायचे. मला कॉफीत साखर आवडत नाही, पण एवढं एक वाक्य बोलायला मिळावं म्हणून तीन वर्षं गोड कॉफी प्यायले.

शिडीचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझा बाबा, एडविन, धक्क्यावर दोर गुंडाळताना बर्फावरून घसरला आणि पाण्यात पडला. समुद्र तीन अंशांवर होता. धक्क्यावर दुसरं कुणी नव्हतं. बर्फाचा एक तुकडा धरून तो किती तरी वेळ हाका मारत राहिला, मग शिडीकडे निघाला. शिडी दहा मीटरवर होती. बाबा तिथवर पोचलाही. त्याने पायरीवर हात ठेवला, पण मूठ मिटेना. दुसरा ठेवला, तोही मिटेना. तेवढ्यात तोर्लाइफची बोट बंदरात शिरली. त्याने लांब आकडी बाबाच्या पँटमध्ये अडकवली आणि ओढली. आधी पँट वर आली. मग बाबा.

तोर्लाइफने बाबाचा जीव वाचवला यात वाद नाही. गाव मला हे दर आठवड्याला ऐकवतं. वाद आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून पुढचा.

सातला कोठीत कॉफी असते. मासेमारीच्या लांब दोऱ्यांना शेकडो गळ असतात, त्यांना आमिष लावायची ती खोली. प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. त्या सकाळी तोर्लाइफ खुर्चीतून उठला आणि त्याने बाबा करून दाखवला. हवेतल्या शिडीवर हात ठेवायचा, हात घसरवायचा, मग स्वतःच्या पंजाकडे असं बघायचं की जणू बाजारात कुणीतरी भलताच मासा गळ्यात मारलाय. "दहा मीटर! धडधाकट गडी, समोर शिडी, आणि पकडता येईना!" मग खाली वाकून, आवाज बारीक करून, "आणि तोंडाला जो वास होता ना... मी काही म्हणत नाही."

बाबा पीत नाही. पंधराव्या वर्षी कुठल्याशा काकाने त्याला ब्रँडीचा एक घोट पाजला, तर तो अर्धा तास शिंकत होता. त्यानंतर थेंबही नाही. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण वासाशिवाय ती गोष्ट निम्मीच रंगायची, म्हणून गाव ते विसरलं.

आठवड्याभरात बाबाचा शिडी-एडविन झाला. आमच्याकडे टोपणनाव पिढीजात असतं. समोरच्या घरातले अजून 'लोणीवाले' आहेत, कारण १९११ साली त्यांचा पणजोबा चर्चच्या जेवणावळीत लोण्यावर बसला होता. म्हणजे माझी अजून न जन्मलेली नातवंडंसुद्धा शिडी. एकदा ऑस्लोहून पार्सल आलं, त्यावर 'ओद्नी शिडी' असं टाइप केलेलं होतं. ऑस्लोपर्यंत हे कुणी पोचवलं ते मला अजून कळलेलं नाही.

बाबा कोठीत जाईनासा झाला. एकतीस वर्षांची त्याची खुर्ची, तिच्यावर आता लोक ओले हातमोजे वाळत घालायला लागले. तो आमच्या होडीच्या खोपटात थर्मास घेऊन बसायचा आणि रेडिओवरच्या हवामानवालीशी गप्पा मारायचा. एकदा मी दारात उभी होते. ती वाऱ्याचा वेग सांगून थांबली आणि लगेच बातम्या लागल्या. बाबा रेडिओला म्हणाला, "अगं, माझं पुरतं ऐकून तरी घे."

त्या क्षणी मी ठरवलं. मला दोन गोष्टी हव्या होत्या. बाबा परत त्या खुर्चीत आणि तोर्लाइफ त्या पाण्यात. आधी कुठली, यावर माझा आग्रह नव्हता.

मी त्याला एकदाच विचारलं होतं, "बाबा, पकडता का नाही आलं?"

तो म्हणाला, "बोटं होती गं. पण माझं ऐकणारी नव्हती."

हे खरं की खोटं ते शोधायला मी ट्रॉम्सोला गेले आणि थंड पाण्यातल्या सुरक्षेचा तीन आठवड्यांचा कोर्स केला. तिथे पहिल्याच दिवशी कळलं की बाबाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. अशा पाण्यात पहिलं मिनिट श्वासाचं असतं. छाती आपोआप हवा ओढते, तेव्हा तोंड पाण्याबाहेर ठेवायचं, बाकी काही करायचं नाही. पुढची दहाएक मिनिटं हातपायांची. शरीर आपलं रक्त पोटाकडे बोलावून घेतं आणि हातांना वाऱ्यावर सोडतं. गारठून शुद्ध जायला तासभर लागतो, पण तिथवर फार थोडे पोचतात. लोक बुडतात ते हात गेल्यामुळे, शिडीच्या समोर. मी वर्गात रडायला लागले. शिक्षकाला वाटलं मला त्याने फळ्यावर काढलेली आकृती भिडली. आकृती चांगलीच होती.

परत येऊन मी ती कोठीत सगळ्यांना काढून दाखवली. माणूस, पोट, बाण.

तोर्लाइफ म्हणाला, "म्हणजे रक्त घाबरून पोटात लपलं? मग बरोबर आहे, एडविनचंच रक्त ते!"

कोठी इतकी हसली की कुणाच्या तरी हातात गळ घुसला. तेव्हा मला समजलं की गोष्टीपुढे आकृतीचं काही चालत नाही. त्याला पाण्यातच उतरवायला हवा होता.

एव्हाना नगरपालिकेने मला 'थंड पाणी सुरक्षा सल्लागार' नेमलं होतं, वीस टक्के. म्हणजे आठवड्यातला एक दिवस मी गावाला बुडण्यापासून वाचवायचं आणि उरलेले चार दिवस गळांना आमिष लावायचं. सल्लागाराने वर्षातून एकदा धक्क्यावर प्रात्यक्षिक करावं असा नियम होता. लाइफ जॅकेट आणि दोराचे पट्टे घातलेला माणूस रोजच्या कपड्यांत पाण्यात उतरणार, दहा मिनिटं थांबणार, मग शिडी चढणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी साखरेपाशी उभी राहून, कुणाकडेही न बघता म्हणाले, "प्रात्यक्षिकाला ऑस्लोहून माणूस मागवतेय. व्यायामशाळेत शिकवतो. इथल्या लोकांना झेपेलसं दिसत नाही."

"काय झेपायचं नाही?" तोर्लाइफने विचारलं.

"आपण नका मनावर घेऊ. पन्नाशीच्या पुढच्यांना आम्ही आग्रह करत नाही."

"ऑस्लोचा!" तो कोठीला म्हणाला. "तो आंघोळीच्या टबातही दोर बांधून उतरत असेल." मग दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरले. "हे बघ पोरी. चाळीस वर्षं उघड्या हातांनी कॉड साफ केलाय. जानेवारीत. बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. हे हात कधी मिटले नाहीत असं झालंय का?"

याच वाक्याची मी वाट बघत होते. ही चूक आमच्या किनाऱ्यावरचा माणूसच करू शकतो. ऑस्लोवाला आपल्या हातांना घाबरून असतो. आमच्या माणसाचा हातांवर विश्वास. ते हात बादलीत गरम राहायचे, कारण वर लोकरीचा जाड स्वेटर होता आणि पोटात गरम कॉफी होती. पोटच पाण्यात गेलं की ते हातांना काहीही पाठवत नाही. मी हे लपवलं नाही. त्याने सही केलेल्या अर्जाच्या चौथ्या पानावर स्पष्ट छापलं होतं. आमच्याकडे चौथं पान कुणी वाचत नाही, म्हणूनच मी ते चौथ्यावर घेतलं होतं.

मारेत आमची नर्स. तिच्या हातात घड्याळ असल्याशिवाय प्रात्यक्षिक करायची परवानगी नव्हती. ती म्हणाली, "अठ्ठावन्न वर्षांचा आहे. आधी ईसीजी. पहिल्याच मिनिटाला हृदय बंद पडलं तर?"

"पडता कामा नये," मी म्हणाले. मनापासून. मेलेल्या माणसाची फजिती होत नाही, सगळे त्याला चांगलंच म्हणतात. सूड उगवायच्या आधी शत्रूचा ईसीजी काढून घेणारी मी पहिलीच असेन. तोर्लाइफचं हृदय बैलासारखं निघालं. रिपोर्ट बघून मला इतका आनंद झाला की त्याने विचारलं, "तू का रडतेयस?"

शनिवारी दुपारी अख्खं गाव धक्क्यावर होतं. उन्हामुळे लोक स्वेटर काढून उभे होते, कुणीतरी वॉफल भाजत होतं. समुद्र पाच पूर्णांक दोन अंश. मी फळ्यावर लिहिलं. बाबा येणार नाही म्हणाला होता. तो आला आणि माशांच्या रिकाम्या खोक्यांमागे, फक्त टोपी दिसेल असा उभा राहिला.

तोर्लाइफ बूट, पँट, स्वेटर, वर जॅकेट अशा थाटात पाण्यात उतरला. त्याच्या पट्ट्यांचा दोर लोखंडी खुंट्याला एक वेढा देऊन माझ्या हातात होता. पहिल्या मिनिटाला त्याचे डोळे मोठे झाले, छाती भात्यासारखी चालली, पण तो मुरलेला गडी, तोंड वर धरून राहिला. दुसऱ्या मिनिटाला हसला. तिसऱ्याला ओरडला, "पाणी जरा गरमच काढलंय गं!" मग गोष्ट सुरू केली. पाण्यातून! "तर एडविन... दहा मीटर... समोर शिडी..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोक्यांमागची टोपी हलली नाही.

पाचव्या मिनिटाला वाक्यं छोटी झाली. सातव्याला नुसते शब्द उरले. नवव्याला तो गप्प बसला. शुद्धीत असलेला तोर्लाइफ गप्प बसलाय, हे गावाने पहिल्यांदाच बघितलं असेल. पण वॉफल तयार झाले होते, त्यामुळे कुणाचं लक्ष नव्हतं.

"दहा," मारेत म्हणाली. "शिडी."

त्याने पायरीवर हात ठेवला. हात घसरला. त्याने आपल्या पंजाकडे बघितलं.

धक्का हसून फुटला. त्यांना वाटलं तो बाबाची नक्कल करतोय! तीन वर्षं हेच तर करत होता. दुसरा हात ठेवला, घसरला, पुन्हा पंजाकडे बघितलं, आणि कुणीतरी ओरडलं, "अगदी तस्साच! अरे, वास राहिला!" एक बाई हसता हसता खोक्यावर बसली.

तो नक्कल करत नव्हता. हे तिथे फक्त तिघांना समजलं होतं, त्याला, मला आणि मारेतला.

"ओद्नी, घे वर," मारेत म्हणाली.

"अजून एकदा करू दे."

"वर घे म्हणते ना!"

माझ्या हातात दोर होता. जॅकेट त्याला बुडू देणार नव्हतं, अजून बराच वेळ त्याच्या जिवाला काही होणार नव्हतं, हे मला त्या आकृतीसकट पाठ होतं. मला एवढंच हवं होतं की लोकांनी आधी हसणं थांबवावं. एकेकाने, आपापलं. आपण काय बघतोय ते त्यांना कळावं आणि मग मी ओढावं. त्याने तिसऱ्यांदा कोपर पायरीवर टाकलं. लाटेने काढून घेतलं. त्याने वर बघितलं, लोकांकडे नाही, माझ्याकडे. ओठ हलले, शब्द आला नाही. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. तो चौथ्यांदा शिडीकडे वळला. मला फार बरं वाटत होतं. हे मी नंतर कुणालाच सांगितलं नाही.

मग माझ्या हातांवर दोन हात आले. बाबाचे. तो खोक्यांमागून कधी निघाला ते मला दिसलंच नाही.

"तो नाटक करत नाहीये," बाबा लोकांवर ओरडला. तीन वर्षांत गावाने त्याचा आवाज ऐकला नव्हता. "घोड्यांनो! त्याची बोटं गेलीयत! ओढा!"

धक्का चिडीचूप झाला. एकेकाने नाही, सगळा एकदम. मग दहा हात दोराला लागले.

मारेतने त्याला आडवाच ठेवला, ओले कपडे कापून काढले, घोंगड्यांत गुंडाळला. कुणीतरी ब्रँडीची बाटली पुढे केली. "दूर ने ती," मारेत म्हणाली, "आणि त्याचे हातपाय चोळू नका." तोर्लाइफचा जबडा इतका थडथडत होता की त्याला एक अक्षरही बोलता येत नव्हतं. त्याच्या भोवती गाव उभं होतं आणि गोष्ट सांगायला कुणी नव्हतं.

बाबा गुडघ्यावर बसला. तोर्लाइफच्या तोंडाजवळ नाक नेलं. शांतपणे, लांब श्वास घेतला. मग उठून, टोपी नीट करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वास नाही. मी तपासलाय."

संध्याकाळी मारेत माझ्याकडे अहवाल घेऊन आली. त्यात लिहिलं होतं की वर घ्यायची सूचना दिल्यानंतर दोर धरणाऱ्या व्यक्तीने चाळीस सेकंद उशीर केला.

"सही कर," ती म्हणाली.

"त्याला तसा काही धोका..."

"तू थांबलीस, ओद्नी."

मी सही केली. नगरपालिकेने मला वीस टक्क्यांवरून दहावर आणलं. आता मी महिन्यातून दोनच दिवस गाव वाचवते.

सोमवारी सकाळी सातला बाबा कोठीत गेला. खुर्चीवरचे ओले हातमोजे दोन बोटांनी उचलून त्याने शेजारच्याच्या मांडीवर ठेवले आणि बसला. तोर्लाइफही आला होता. आला नसता तर गावाने त्याला कायमचा संपवला असता. बाबाने कॉफीचा एक घोट घेतला, कप ठेवला आणि उठून उभा राहिला.

माझा बाबा, जो रेडिओला घाबरत घाबरत उत्तर द्यायचा, त्याने तोर्लाइफ करून दाखवला. पहिल्या मिनिटाचे मोठे डोळे. तिसऱ्या मिनिटाची फुशारकी. सातव्या मिनिटाचे शब्द, एकेक करून, दात वाजवत. पंजाकडे बघणं तर असं की आमिष लावणाऱ्या दोघांना बाहेर जावं लागलं. मी दारात उभी होते. मला वाटलं होतं बाबा साधा माणूस आहे. तीन वर्षं त्या खोपटात तो गप्पा मारत नव्हता, तालीम करत होता.

आणि तो थांबला नाही. जुलैत रोज. ऑगस्टमध्ये रोज, शिवाय रविवारी चर्चबाहेर. सप्टेंबरात जर्मन पर्यटकांची बस आली, त्यांना खुणांनी. गोष्ट वाढत गेली. तोर्लाइफने आईला हाक मारली, हे सप्टेंबरात आलं. ती हाक फिन्निश भाषेत होती, हे ऑक्टोबरात. तोर्लाइफ रोज येतो, रोज त्याच खुर्चीत बसतो, रोज ऐकतो. त्याचं वजन उतरलंय. परवा त्याने माझ्यासाठी स्वतःहून साखर पुढे केली. मी घेतली नाही, पण मला रात्रभर ते डोळ्यांसमोर दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी म्हटलं, "बाबा, आता बस कर. त्याने तुझा जीव वाचवला होता."

"मीही त्याचा वाचवला. फिटलं ते." त्याने पावावर तपकिरी चीजची चकती ठेवली. "जिवाचं वेगळं आणि गोष्टीचं वेगळं. त्याने तीन हिवाळे सांगितली. माझा अजून पहिला हिवाळासुद्धा सुरू झालेला नाही."

"त्याच्याकडे बघवत नाही रे."

"मग बघू नकोस. मलाही कुणी बघितलं नव्हतं." तो चावत राहिला. मग कामाच्या माणसाशी बोलावं तसा माझ्याकडे वळला. "बरं झालं विषय निघाला. तू शिकलेली आहेस. त्या दिवशी पाणी पाच होतं ना?"

"पाच पूर्णांक दोन."

"मी गोष्टीत महिन्याभरापासून आठवड्याला अर्धा अंश कमी करतोय. या आठवड्यात तीनवर आलोय. शून्याखाली गेलो तर लोक म्हणतील, थापा मारतो. समुद्र गोठतो कधी?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण ज्ञान विचारलं की सांगावं लागतं, दहा टक्के का होईना, माझं पदच तसं आहे. "खारं पाणी आहे. उणे एक पूर्णांक आठपर्यंत टिकतं."

बाबाने बोटांवर हिशेब केला. बोटं व्यवस्थित मिटत होती.

"म्हणजे नाताळपर्यंत पुरेल," तो म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.